एफसी गोवा फायनलला खरंच कच खातो का?

फातोर्डाकर (धागाकर्ता)

आपल्या एफसी गोवा फुटबॉल क्लबचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "खेळतात देखणं, पण फायनलला कच खातात." डिसेंबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा या आपल्याच मैदानावर कोलकात्याच्या ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ हरवून सुपर कप राखला, आणि दुसऱ्या दिवशी मडगावच्या बाजारात पुन्हा हेच वाक्य कानावर पडलं. म्हणून हा धागा. सगळ्या फायनल आणि सेमीफायनल आधी समोर मांडतो, मग काय बोलायचं ते बोलू.

क्लबचा जन्म २०१४ चा. तेव्हापासून राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धांत आपण सहा फायनल खेळलो. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) दोन, २०१५ आणि २०१९, दोन्ही हरलो. सुपर कपच्या तीन, एप्रिल २०१९, मे २०२५ आणि डिसेंबर २०२५, तिन्ही जिंकलो. ड्युरँड कपची एक, २०२१ ची, तीही जिंकलो. सहापैकी चार चषक घरी आणले. सुपर कप तीनदा जिंकलेला दुसरा क्लब देशात नाही.

मग हा शिक्का आला कुठून? मला वाटतं, लोकांच्या डोक्यात फायनल आणि सेमीफायनल एकात एक मिसळून गेल्यात. आपलं खरं दुखणं सेमीफायनलचं आहे. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलचे अकरा मोसम झाले. त्यातल्या आठ मोसमांत आपण सेमीफायनलला पोचलो (एक सामना घरी, एक बाहेर, दोन्हींचे गोल मिळून निकाल). इतकं सातत्य फार थोड्या क्लबांना जमलंय. पण त्या आठपैकी फक्त दोन सेमीफायनल आपण जिंकल्या. सहा वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो.

२०१४ ला कोलकात्याच्या एटीकेविरुद्ध दोन्ही सामने ०-० आणि शूटआउटमध्ये ४-२ ने बाहेर. २०१७-१८ ला चेन्नईयनशी इथे १-१, तिथे ०-३. २०२०-२१ ला मुंबई सिटीशी २-२ आणि ०-०, मग शूटआउटमध्ये ६-५. तेही कुणाकडून? आपला जुना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, सोबत आपलेच फॉल, जाहू, बूमूस, मंदार. अख्खा कणाच मुंबईला गेला होता.

त्यांतली २०१९-२० ची मला सगळ्यांत जास्त लागली. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० हरवून लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याचा चषक, जिंकली. १८ सामन्यांत ४६ गोल. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळायला पात्र ठरणारा पहिला भारतीय क्लब. आणि दहाच दिवसांनी चेन्नईत चेन्नईयनकडून १-४. परतीच्या सामन्यात फातोर्ड्याला आपण ४-२ जिंकलो, तरी एकूण ५-६. त्या वर्षीची फायनल फातोर्ड्यालाच होती. करोनामुळे ती प्रेक्षकांविना झाली, आणि आपल्या मैदानावर एटीके आणि चेन्नईयन खेळले.

हे सगळं बघून माझं म्हणणं एवढंच: फायनलला पोचलेला गोवा बहुतेक वेळा जिंकतो. अडतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. तुम्हाला पटतंय का, आणि पटत असेल तर असं का होतं, यावर लिहा. २०१५ आणि २०१९ ला प्रत्यक्ष मैदानावर असलेल्यांनी तर नक्की लिहा.

——

पूर्व_स्टँड

मी २०१५ ला होते. २० डिसेंबर, फातोर्डा. इतकी वर्षं झाली तरी तो सामना मला मिनिटामिनिटाने पाठ आहे.

आधी त्या मोसमाचं वातावरण सांगते, कारण नंतर आलेल्यांना ते कळत नाही. झिको प्रशिक्षक. गुणतक्त्यात आपण पहिले. नोव्हेंबरमध्ये मुंबईला ७-० असं धुतलेलं, त्यात दुदूची हॅटट्रिक आणि हाओकिपची हॅटट्रिक. सेमीफायनलला दिल्लीत ०-१ हरून आलो आणि घरी ३-० ने उलटवलं. समोर चेन्नईयन, मोसमाच्या मध्यावर गुणतक्त्याच्या तळाशी असलेला संघ. चेन्नईला पूर आला म्हणून त्यांना सेमीफायनलचा घरचा सामना पुण्यात बालेवाडीला खेळावा लागला होता. आम्ही सगळे चषक उचलायलाच गेलो होतो, खरं सांगायचं तर.

पहिल्या हाफमध्ये काही नाही. ५४ व्या मिनिटाला त्यांना पेनल्टी. पेलिसारीचा फटका लक्ष्मीकांत कट्टीमणीने अडवला, पण चेंडू परत त्याच्याच पायात गेला आणि त्याने मारला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. मग पुन्हा त्यांना पेनल्टी, या वेळी मेंडोझा, त्या मोसमातला सगळ्यांत जास्त गोल करणारा. कट्टीमणीने तीही अडवली. एका फायनलमध्ये दोन पेनल्टी अडवणारा गोलकीपर, तोही आपल्या गोव्याचा. स्टँडमध्ये त्याच्या नावाचा जो गजर झाला तो मी विसरणार नाही.

८७ व्या मिनिटाला जोफ्रेने २-१ केलं. माझ्या शेजारी एक काका होते, त्यांनी घरी फोन लावून हात वर धरला, घरच्यांना आवाज ऐकवायला. ९० व्या मिनिटाला त्याच कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला. २-२. आणि ९० अधिक दोनला मेंडोझा. २-३. काकांचा फोन अजून वरच होता, पलीकडून कुणीतरी "जिंकले ना? जिंकले ना?" विचारत होतं ते मला ऐकू येत होतं.

लोक अजून कट्टीमणीला दोष देतात, त्यावर मला मनापासून बोलायचंय. त्या रात्री तो नसता तर आपण तासाभरातच हरलो असतो. आणि त्याने त्याचं उत्तर दिलं. २० मार्च २०२२, तेच फातोर्डा, तीच आयएसएलची फायनल. तो हैदराबादकडून खेळत होता, समोर केरला ब्लास्टर्स. १-१ नंतर शूटआउट. कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद ३-१ ने चॅम्पियन झाला. त्या सामन्यात ८८ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करणारा साहिल ताव्होराही गोव्याचाच. आमचे दोन गोंयकार फातोर्ड्यावर आयएसएल जिंकून गेले, फक्त जर्सी नारिंगी नव्हती. आमची नव्हती, हैदराबादची होती, एवढंच म्हणायचंय.

——

अंधेरीवाला

२०१९ ची फायनल माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, अंधेरीच्या मैदानात झाली. १७ मार्च. आदल्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसने आलेले गोव्याचे लोक सकाळपासून आमच्या गल्लीत चहाच्या टपरीवर दिसत होते. मी मूळचा सावंतवाडीचा, त्यामुळे त्यांच्याशी लगेच जमलं आणि त्यांच्यातच जाऊन बसलो.

धागाकर्त्यांनी आकडे दिलेच आहेत, त्यात एक भर घालतो. त्या मोसमात बेंगळुरू आणि गोवा दोघांचे ३४ गुण होते. बेंगळुरू वर राहिले ते आपसातल्या सामन्यांवर, कारण साखळीत त्यांनी गोव्याला दोन्ही वेळा हरवलं होतं. म्हणजे फायनलला समोर असा संघ होता ज्याला गोव्याचा खेळ कसा तोडायचा हे नीट कळलं होतं. शिवाय २०१८ ची फायनल ते स्वतःच्या मैदानावर चेन्नईयनकडून हरले होते, तो सल त्यांच्या मनात होता.

गोव्याचा सगळा खेळ कोरो या स्ट्रायकरवर फिरायचा. त्या मोसमात त्याचे १६ गोल. जाहू आणि एदू बेदिया मागून चेंडू चालवणार, ब्रँडन आणि जॅकिचंद बाजूने, आणि कोरो शेवटचा स्पर्श देणार. सेमीफायनलला याच मैदानात त्यांनी मुंबई सिटीला ५-१ हरवलं होतं, तेही मी पाहिलं होतं. फायनलला बेंगळुरूने मधली फळी अशी दाट ठेवली की कोरोपर्यंत चेंडूच पोचेना. नव्वद मिनिटं ०-०.

जादा वेळेचा पहिला भाग संपत आला आणि जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. तिथे सामना फिरला. दहा जण, दमलेले पाय, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नर. दिमास देल्गादोने चेंडू टाकला, राहुल भेके उडी मारून वर गेला आणि डोक्याने आत. भेके मुंबईचा मुलगा. मला एका डोळ्याने आनंद आणि दुसऱ्या डोळ्याने दुःख होत होतं, कारण आमच्या शहरातल्या पोराने आयएसएलची फायनल जिंकून दिली होती आणि माझ्या बाजूला बसलेली माणसं खाली मान घालून बसली होती.

याला कच खाणं कुणी म्हणू नये. दहा खेळाडूंनी शूटआउट तीन मिनिटांवर आणून ठेवलं होतं. आणि महिनाही झाला नव्हता, १३ एप्रिलला भुवनेश्वरला हाच संघ चेन्नईयनविरुद्ध सुपर कपची फायनल खेळला. कोरोने ५१ व्या मिनिटाला गोल केला, तीन मिनिटांत राफाएल आउगुस्तोने बरोबरी केली, आणि ६४ व्या मिनिटाला ब्रँडनने २-१. क्लबचा पहिला चषक, आणि निर्णायक गोल मडगावच्या पट्ट्यातल्या पोराचा. इतक्या लवकर सावरून जिंकणाऱ्या संघाला कमकुवत मनाचा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

——

डेक्कन_कॉर्नर

पुण्याहून लिहितोय, गोव्याचा खेळ मला आवडतो, पण इथे सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

चार चषक खरे, पण ते चषक कुठले ते बघा. २०१९ च्या सुपर कपमधून आय-लीगच्या (आयएसएलबाहेरची दुसरी राष्ट्रीय लीग) अनेक क्लबांनी माघार घेतली होती. २०२१ च्या ड्युरँडला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघेही खेळले नाहीत. मे २०२५ च्या सुपर कपला मोहन बागानने मुख्य संघ न पाठवता तरुण पोरांना उतरवलं. मी गोव्याचं श्रेय काढून घेत नाही, समोर जो आला त्याला हरवलं. पण आयएसएलची फायनल हे देशातलं सगळ्यांत मोठं व्यासपीठ, आणि तिथे दोनपैकी शून्य. चाहत्यांना सलतं ते हे. चार छोट्या चषकांनी ते भरून निघत नाही, आणि तुम्हालाही ते आतून माहीत आहे.

——

फातोर्डाकर

@डेक्कन_कॉर्नर, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही.

ड्युरँडची फायनल घ्या. ३ ऑक्टोबर २०२१, सॉल्ट लेक. समोर मोहम्मेडन स्पोर्टिंग, त्यांच्या शहरात, त्यांच्या लोकांसमोर. जादा वेळेत १०५ व्या मिनिटाला एदू बेदियाची फ्रीकिक थेट जाळ्यात, १-०. त्याआधी सेमीफायनलला बेंगळुरूशी २-२ आणि शूटआउट ७-६. याला सोपा चषक म्हणायचं?

आणि सुपर कप जिंकल्याने नुसतं कपाट भरत नाही. मे २०२५ ला जमशेदपूरला ३-० हरवलं, बोर्हा हेरेराचे दोन आणि द्राझिचचा एक. त्या विजयाने आशियाचं दार उघडलं. ऑगस्टमध्ये ओमानचा अल सीब फातोर्ड्याला आला, त्याला २-१ हरवून आपण चॅम्पियन्स लीग टूच्या, म्हणजे आशियातल्या दुसऱ्या पायरीच्या क्लब स्पर्धेच्या, गटात गेलो. २२ ऑक्टोबरला सौदीचा अल नासर फातोर्ड्याला खेळायला आला. रोनाल्डो आला नाही, पण बाकी संघ आला आणि आपण १-२ हरलो. आपला एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसचा, गोव्याच्या पोराचा. हे सगळं एका सुपर कप फायनलमुळे झालं.

डिसेंबरच्या फायनलबद्दल तर हे लक्षात घ्या की तेव्हा आयएसएलचा मोसम सुरू होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवसांत खेळाडूंसमोर असलेली मोठी देशी स्पर्धा हीच होती. ईस्ट बंगाल पूर्ण ताकदीने आला होता. १२० मिनिटं ०-० आणि मग पाच-पाच पेनल्टींनंतरही बरोबरी राहून 'सडन डेथ'पर्यंत गेलेलं शूटआउट. दडपण याहून वेगळं काय असतं?

——

लेफ्टबॅक_३

मी स्थानिक लीगमध्ये खेळलोय, आता लहान मुलांना शिकवतो. "असं का होतं" या प्रश्नावर लिहितो, कारण ते अजून कुणी लिहिलं नाही.

धागाकर्ते म्हणतात दुखणं सेमीफायनलचं आहे. मी म्हणेन दुखणं मिनिटांचं आहे. वर जे पराभव आलेत त्यांतले गोल कधी झाले ते बघा. २०१५ ची फायनल: ९० आणि ९०+२. २०१९ ची फायनल: ११७. एप्रिल २०२४ ची सेमीफायनल, फातोर्डा, मुंबई सिटीविरुद्ध: बोरिस सिंग आणि ब्रँडनच्या गोलांनी आपण २-० पुढे, घड्याळात ८९ मिनिटं. मग छांगते ९० व्या मिनिटाला, विक्रम प्रताप ९०+१ ला, पुन्हा छांगते ९०+६ ला. २-३. तिथून परतीचा सामना ०-२. एप्रिल २०२५, बेंगळुरूविरुद्ध: तिकडे ०-२ हरून आलो, घरी बोर्हाने ४९ व्या मिनिटाला आणि सादिकूने ८८ व्या मिनिटाला गोल करून एकूण २-२ केलं. आता जादा वेळ, म्हणून सगळे श्वास घेतायत तोवर ९०+२ ला छेत्रीचा हेडर. संपलं.

हे दैवाचं काम नाही. गोवा लोबेराच्या काळापासून ज्या पद्धतीने खेळतो तिचा हा मोबदला आहे. दोन्ही बाजूचे बॅक वर चढतात, मधली फळी चेंडू ताब्यात ठेवून समोरच्याला दमवते, बचावाची रेषा उंच असते. साखळीत हे फार फायद्याचं, कारण बहुतेक संघ दमतात आणि सत्तराव्या मिनिटानंतर गोल पडतात. पण बाद फेरीत शेवटच्या पाच मिनिटांत समोरचा संघ सगळे खेळाडू पेनल्टी पेटीत पाठवतो, उंच चेंडू टाकतो. तेव्हा चेंडू सुंदर चालवण्याची कला कामाची नसते. पेटीत उभं राहून पहिला चेंडू डोक्याने लांब मारायचा, दुसऱ्या चेंडूवर माणूस ठेवायचा, रेषा खाली ओढायची, वेळ खायचा. छेत्रीचा तो हेडर पुन्हा पाहा. चाळिशीतला माणूस, उंचीही फार नाही, आणि तरी पेटीत त्याच्या उडीला कुणी अडथळा केला नाही.

२०२५ ला आणखी एक गोष्ट घडली. साखळीत दुसरे आल्याने आपण ४८ गुणांवर थेट सेमीफायनलला गेलो. शेवटचा साखळी सामना ८ मार्चला, सेमीफायनलचा पहिला सामना २ एप्रिलला. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्पर्धेचा एकही सामना नाही. बेंगळुरू तिसरे होते, त्यांनी २९ मार्चला प्लेऑफमध्ये मुंबई सिटीला ५-० उडवलं आणि त्याच जोरात आपल्यासमोर आले. थेट प्रवेश हे बक्षीस असतं खरं, पण त्या वर्षी ते उलटं पडलं. गाडी थंड पडल्यावर चढावर घालायची तसं झालं.

त्यामुळे फायनल एकाच सामन्याची असते तिथे गोवा बरा का खेळतो, याचं उत्तरही मिळतं. एप्रिल-मे २०२५ चा सुपर कप थोड्या दिवसांच्या अंतराने, लय तुटायच्या आत संपला. त्याच स्पर्धेत पंजाबविरुद्ध क्वार्टर फायनलमध्ये मागे पडलेले आपण शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून २-१ जिंकलो, बोर्हा आणि यासिर. म्हणजे शेवटच्या मिनिटांत गोल करणं येतं. शेवटच्या मिनिटांत गोल न खाणं शिकायचं आहे.

——

म्हापसेकर

पोरांनो, चर्चा चांगली चालली आहे. पण गोव्याच्या फुटबॉलचा फायनलचा इतिहास २०१४ पासून सुरू होत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं. "गोव्याचे संघ मोठ्या सामन्यात ढेपाळतात" हे आमच्या तरुणपणीही कोलकात्याचे लोक म्हणायचे, आणि तेव्हाही त्याला उत्तर मैदानातच मिळालं.

गोव्याच्या साळगावकर क्लबचं घ्या. फेडरेशन कप, म्हणजे तेव्हाचा देशातला मोठा चषक; त्याची १९८७ ची फायनल ते मोहन बागानकडून हरले. पुढच्याच वर्षी, १९८८ ला, चषक जिंकला, गोव्यात पहिल्यांदा आणला. १९८९ ला पुन्हा जिंकला. १९९० ला सलग चौथ्यांदा फायनलला उभे, समोर केरळ पोलीस, आणि तिथे हरले. सलग चार वर्षं देशाच्या मोठ्या चषकाच्या फायनलला गोव्याचा एक संघ. तो काळ गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा. १९८३-८४ ला त्यांच्या कप्तानीखाली गोव्याने संतोष करंडक जिंकला, आणि त्या स्पर्धेत त्यांनी एकही गोल खाल्ला नाही. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वयाच्या लोकांना स्वतःचाच सत्कार झाल्यासारखं वाटलं.

पण मला सांगायची आहे ती १९९७ ची गोष्ट. त्या वर्षी फेडरेशन कप कोलकात्यात होता. सेमीफायनलला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, सॉल्ट लेकला सव्वा लाखाहून जास्त माणसं, भूतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१. भारतीय फुटबॉलवर लिहिणारा प्रत्येक जण त्या सामन्याबद्दल लिहितो. फायनल कोण जिंकलं ते विचारा, दहातले नऊ जण गप्प बसतील. फायनल साळगावकरने जिंकली. त्याच ईस्ट बंगालला, त्याच शहरात, २-१. गोव्याच्या संघांच्या वाट्याला हे नेहमी आलंय: आपण जिंकलो तर तो सामना विसरला जातो, हरलो तर तो लक्षात राहतो.

पुढे गोव्याच्याच धेंपो क्लबने २००४ ला मोहन बागानला २-० हरवून तोच चषक जिंकला. २०११ ला साळगावकरने ईस्ट बंगालला ३-१. आणि जानेवारी २०१४ ला कोचीत तर फायनलचे दोन्ही संघ गोव्याचे होते, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, चर्चिल ३-१. त्यातल्या स्पोर्टिंगची कहाणी मात्र खरंच फायनलच्या दुःखाची आहे. २००५ ला महिंद्रा युनायटेडकडून १-२, २००६ ला मोहन बागानकडून शूटआउटमध्ये, आणि २०१४ ला चर्चिलकडून. तीन फायनल, तीन पराभव. फायनलचा शाप म्हणायचाच असेल तर त्यांच्याबद्दल म्हणा, आणि तेही हळुवारपणे म्हणा, कारण कमी पैशांत, गावातली पोरं घेऊन त्या क्लबने तिथवर मजल मारली होती.

——

स्विंडनहून

म्हापसेकर काका, १९९७ चं वाचून अंगावर काटा आला. माझे वडील साळगावकरचे कट्टर, ते घरी हेच सांगायचे, आम्हाला वाटायचं वाढवून सांगतायत.

आम्ही इथे इंग्लंडात बरेच गोंयकार आहोत. डिसेंबरची फायनल आम्ही दुपारी एकाच्या घरी जमून फोनवरून टीव्हीला जोडून पाहिली. शूटआउट पाचाच्या पुढे गेलं तेव्हा खोलीत कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे. लहान पोरं, जी इथेच जन्मली, ती "फोर्सा गोवा" ओरडत होती. डेक्कन_कॉर्नर यांना एवढंच सांगते, त्या पोरांच्या दृष्टीने तो छोटा चषक नव्हता.

——

डेक्कन_कॉर्नर

@स्विंडनहून, चषक छोटा म्हणताना चाहत्यांच्या आनंदाला छोटं म्हणायचं नव्हतं, ते मनापासून सांगतो. @लेफ्टबॅक_३ यांचं विश्लेषण मला सगळ्यांत पटलं. पण मग प्रश्न असा की मानोलो मार्केस यांच्यासारखा प्रशिक्षक असताना हे का सुधारलं नाही? २०२२ ला फातोर्ड्याला हैदराबादला आयएसएल जिंकून देणारे तेच होते. बाद फेरी कशी खेळायची हे त्यांना कुणी शिकवायला नको. २०२४ आणि २०२५, दोन्ही सेमीफायनल त्यांच्याच हाताखाली गेल्या.

——

लेफ्टबॅक_३

@डेक्कन_कॉर्नर, रास्त प्रश्न. २०२२ च्या हैदराबादकडे पुढे ओगबेचे होता. त्या मोसमात त्याचे १८ गोल. असा माणूस असला की संघ मागे बसू शकतो, कारण पुढे एक जण चेंडू धरून ठेवतो आणि बचावाला श्वास मिळतो. गोव्याकडे कोरो गेल्यापासून शेवटची दहा मिनिटं चेंडू पुढे धरून ठेवणारा तसा खेळाडू आलेला नाही. सादिकू गोल करायचा, पण तो पेटीतला शिकारी. त्यामुळे आपण चेंडू लांब मारला की तो लगेच परत यायचा, आणि मुंबईविरुद्ध त्या सहा मिनिटांत नेमकं हेच तीनदा झालं. दुसरं, २०२४-२५ ला मानोलो भारतीय संघाचंही काम बघत होते. मार्चच्या त्या मोकळ्या आठवड्यांत राष्ट्रीय संघाचे सामने होते. त्याचा किती परिणाम झाला ते आतले लोक जाणोत, पण दोन मोठी कामं एका माणसाकडे असू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

——

पूर्व_स्टँड

२०२४ ची ती सेमीफायनल मीही पाहिली मैदानात. ८९ व्या मिनिटाला माझ्या मागचे लोक परतीच्या सामन्यासाठी मुंबईची तिकिटं बघत होते. मला २०१५ आठवलं आणि मी त्यांना म्हटलंही, अजून शिट्टी वाजली नाही. लेफ्टबॅक म्हणतात ते खरं आहे, पहिला गोल खाल्ल्यावर आपले खेळाडू मधल्या वर्तुळात एकमेकांशी वाद घालत होते, आणि एका मिनिटात दुसरा गोल झाला. त्या वेळी एखाद्याने चेंडू उचलून सगळ्यांना शांत करायला हवं होतं. ते कुणी केलं नाही.

——

फातोर्डाकर

सगळ्यांचे आभार. माझं मूळ म्हणणं होतं की अडचण सेमीफायनलची आहे. लेफ्टबॅक यांनी ते आणखी नेमकं केलं, आणि मला ते पूर्ण पटतं: दोन फायनल आणि दोन सेमीफायनल आपण शेवटच्या काही मिनिटांत गमावल्या. म्हापसेकर काकांनी दिलेली साळगावकरची साखळी मी वेगळी लिहून ठेवतो, कारण माझ्या पिढीतल्या कुणाला ती सलग माहीत नाही.

आयएसएलचा चषक हवाच आहे, डेक्कन_कॉर्नर. तो मिळेपर्यंत तुम्ही विचारत राहा आणि आम्ही उत्तर देत राहू. फक्त "फायनलला कच खातात" एवढं वाक्य सोडा. खुशाल म्हणा की नव्वदाव्या मिनिटाला झोपतात. ते बोललेलं चालेल, कारण त्यावर सरावात काम करता येतं.

२०१४ च्या एटीकेविरुद्धच्या सेमीफायनलबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही. दोन सामन्यांत, जादा वेळ धरून, दोन्ही बाजूंनी एकही गोल नाही, आणि मग फातोर्ड्याला शूटआउट. तेव्हा क्लबचा पहिलाच मोसम होता. मैदानात कुणी होतं का? असाल तर लिहा.